टॅपेटचा तळवा, कॅमचे नाक

इंजिनाचा व्हॉल्व्ह केव्हा उघडायचा, किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे कॅमशाफ्ट ठरवते. या दांड्यावर प्रत्येक व्हॉल्व्हसाठी एक अंडाकृती उंचवटा असतो. त्याला लोब म्हणतात. लोबवर एक लहानसे नळकांडे टेकलेले असते. लोब फिरला की ते वर ढकलले जाते, ते पुशरॉडला ढकलते, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्हला दाबतो. या नळकांड्याला अमेरिकेत लिफ्टर म्हणतात, आपल्याकडच्या गॅरेजमध्ये टॅपेट. ‘टॅपेट वाजतंय’ हे वाक्य जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले असते.

जुने इंजिन उघडून पुन्हा बांधताना आत कोणत्या जातीचा कॅम आणि कोणत्या जातीचे टॅपेट आहेत, हे आधी ठरवावे लागते. पुस्तक पाहून हे ठरत नाही. पन्नास-साठ वर्षांचे इंजिन अनेक हातांतून गेलेले असते. कोणी मिळाला तो कॅम बसवलेला असतो, कोणी शर्यतीच्या हौसेने मुद्दाम बदललेला असतो. पुस्तक कारखान्यातून काय बाहेर पडले एवढेच सांगते. आत आज काय आहे, ते धातूलाच विचारावे लागते.

टॅपेटच्या जाती दोन प्रश्नांतून निघतात. पहिला: तो आतून भरीव आहे की तेलावर चालणारा? दुसरा: त्याचा तळ कॅमवर घसरतो की चाकावर फिरतो? दोन्ही उत्तरे मिळून चार जाती होतात.

भरीव टॅपेट म्हणजे सरळ लोखंडी तुकडा. इंजिन तापले की धातू फुगतो; मधे फट ठेवली नाही तर व्हॉल्व्ह पुरता मिटणारच नाही आणि जळेल. म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये इंचाच्या काही हजारांश भागांएवढी फट ठेवतात आणि ती फिलर गेजच्या पात्याने मोजतात. इंचाच्या या हजाराव्या भागाला आपले लेथवाले ‘थाऊ’ म्हणतात. प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे आणि अ‍ॅम्बेसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन याच प्रकारचे होते. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचा तो टकटक नाद ही या फटीचीच करामत.

हायड्रॉलिक टॅपेटमध्ये आत एक छोटा दट्ट्या, त्याखाली स्प्रिंग आणि एकाच दिशेने तेल सोडणारी बारीक झडप असते. इंजिनाचे तेल दट्ट्याखाली भरते आणि फट आपोआप भरून निघते. लोब वर ढकलतो तेव्हा झडप बंद होते. तेल दाबले जात नसल्यामुळे तेवढ्यापुरता टॅपेट भरीवासारखा वागतो. आवाज नाही, सेटिंगची कटकट नाही. मात्र इंजिन मर्यादेबाहेर पळवले तर व्हॉल्व्ह क्षणभर मोकळा पडतो, ती फट तेल भरून काढते आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. त्यामुळेच घरगुती गाड्यांना हायड्रॉलिक आणि शर्यतीच्या गाड्यांना भरीव, अशी वाटणी पुष्कळ काळ टिकली.

एकाच इंजिनात दोन्ही जाती सापडतात, ही खरी अडचण. शेव्हरलेटचे सहा सिलिंडरचे इंजिन घ्या. जनरल मोटर्स १९२८ ते १९५४ या काळात मुंबईत शिवडीला गाड्या जोडत असे, त्यामुळे जुन्या शेव्हरलेट आपल्याकडच्या व्हिन्टेज मंडळींना परक्या नाहीत. कंपनीने १९५० साली पॉवरग्लाइड हा स्वयंचलित गिअर आणला आणि त्याच्या जोडीला दिलेल्या २३५ घनइंची इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट घातले. हाताने गिअर टाकायच्या गाड्यांत मात्र भरीवच राहिले. १९५३ च्या पहिल्या कॉर्व्हेटला गिअर पॉवरग्लाइडच होता, पण इंजिन जोमदार करायचे म्हणून टॅपेट पुन्हा भरीव. म्हणजे ‘पॉवरग्लाइड आहे म्हणजे हायड्रॉलिक’ हा सोपा नियमही तीन वर्षांत मोडला. क्रायस्लरच्या २७३ घनइंची व्ही-आठची कथा अशीच: १९६४ ते १९६७ भरीव, १९६८ पासून हायड्रॉलिक.

आता दुसरा प्रश्न, तळाचा. ज्याला सपाट टॅपेट म्हणतात त्याचा तळ सपाट नसतो, आणि हे कळले की ओळखण्याचे निम्मे काम झाले. तळवा किंचित फुगीर असतो. जणू सुमारे ५० इंच त्रिज्येच्या गोलाचा काप. मध्य आणि कड यांतला फरक दोन थाऊच्या आत. लोबचा माथाही पूर्ण समतल नसतो. त्याला एका कडेकडे एक-दोन थाऊचा उतार दिलेला असतो. शिवाय टॅपेटचे भोक लोबच्या अगदी मध्यावर नसते, थोडे बाजूला असते. या तिन्हींमुळे लोब टॅपेटला नुसते वर ढकलत नाही, स्वतःभोवती फिरवतोही. फिरणाऱ्या टॅपेटचा तळवा सगळीकडे सारखा झिजतो आणि दोघांच्या मध्ये तेलाचा पडदा टिकतो. फिरणे थांबले की एकाच जागी घासणे सुरू होते आणि थोड्याच वेळात लोब गोल होऊन जातो. डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन थाऊवर सगळा डोलारा उभा असतो.

सपाट टॅपेटला एक भौमितिक मर्यादाही आहे. लोब जितक्या झपाट्याने टॅपेटला वर ढकलतो, तितका त्यांचा स्पर्शबिंदू तळव्याच्या मध्यापासून कडेकडे सरकतो. फार झपाट्याने ढकलले तर लोब थेट कडेवर येतो आणि ती खरवडतो. म्हणून टॅपेटचा व्यास जितका मोठा, तितका व्हॉल्व्ह वेगाने उघडता येतो. शेव्हरलेटचा टॅपेट ०.८४२ इंचाचा, फोर्डचा ०.८७५ च्या आसपास, क्रायस्लरचा ०.९०४. कोणत्या घराण्याचा टॅपेट हातात आहे हे मायक्रोमीटर लावताच कळते. क्रायस्लरच्या मोठ्या तळव्यासाठी आखलेला झपाटेदार लोब शेव्हरलेटच्या कॅमवर कोरून चालत नाही, त्याचे कारणही याच आकड्यांत आहे.

चाकाच्या म्हणजे रोलर टॅपेटला ही मर्यादा नाही. तळाशी सुईसारख्या बारीक बेअरिंगवर फिरणारे पोलादी चाक असते. घर्षण कमी आणि लोबचा आकार हवा तसा ठेवता येतो. पण हा टॅपेट स्वतःभोवती फिरता कामा नये. चाक आडवे झाले तर ते लोबवर सरपटते आणि कॅमची वाट लावते. त्यामुळे रोलर टॅपेटला सरळ धरून ठेवणारे काहीतरी असतेच, आणि तीच त्याची बाहेरून दिसणारी खूण. शर्यतीच्या आणि नंतर बदलून घातलेल्या टॅपेटमध्ये शेजारचे दोन एका पट्टीने जोडलेले असतात. कारखान्याच्या रोलर टॅपेटच्या वरच्या टोकाला दोन सपाट बाजू असतात. त्यांवर हाडाच्या आकाराची जोडपट्टी बसते आणि या पट्ट्यांना वरून कोळ्यासारखे पाय पसरलेली एक पत्र्याची चौकट दाबून ठेवते. फोर्डने आपल्या पाच लिटरच्या जोमदार व्ही-आठला १९८५ साली हायड्रॉलिक रोलर दिले. शेव्हरलेटच्या स्मॉल ब्लॉकला मोटारींमध्ये ते १९८७ पासून मिळाले.

हा स्मॉल ब्लॉक म्हणजे १९५५ साली २६५ घनइंचांनी सुरू झालेले आणि पुढे जगभर पसरलेले व्ही-आठ. ओळख पटवण्याचा धडा घ्यायला याच्याइतके चांगले इंजिन नाही, कारण चारही जाती त्यात सापडतात.

व्हॉल्व्हचे झाकण काढून रॉकरचे नट दिसले की ‘सेटिंग आहे, म्हणजे भरीव’ असे बरेच जण म्हणतात. क्रायस्लरच्या २७३ बाबत ते खरे ठरते: भरीवाच्या काळात रॉकरला स्क्रू होता, हायड्रॉलिक आल्यावर तो गेला. स्मॉल ब्लॉकवर मात्र हा तर्क फसतो. तिथे दोन्ही जातींना तेच रॉकर, तेच नट. भरीवाला फट ठेवून थांबतात. हायड्रॉलिकला फट संपल्यावर नट आणखी अर्धा ते एक फेरा आवळतात, म्हणजे दट्ट्या आपल्या प्रवासाच्या मधोमध येतो. पुशरॉडची लांबी अधिक बोलकी. जुन्या सपाट टॅपेटच्या स्मॉल ब्लॉकचा पुशरॉड सुमारे ७.८ इंचांचा, तर कारखान्याच्या हायड्रॉलिक रोलरचा टॅपेट उंच असल्याने पुशरॉड सुमारे ७.२ इंचांचा. इंजिन पुरते उघडायच्या आधीच अर्ध्या इंचाहून जास्त फरक हातात येतो.

मग इन्टेक मॅनिफोल्ड काढून सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या दरीत डोकावावे. जोडपट्ट्या आणि कोळी दिसला तर प्रश्न मिटला. नुसते त्यांच्यासाठीचे उंचवटे ब्लॉकमध्ये आहेत पण भोके पाडलेली नाहीत, असेही दिसेल. ब्लॉक रोलरच्या काळातला, कॅम मात्र सपाट. १९८७ नंतरच्या ट्रकच्या इंजिनांत हा प्रकार नेहमीचा आहे. ब्लॉकचे साल पाहून कॅम ठरवणारे इथे चुकतात.

टॅपेट उपसताना प्रत्येकाची जागा लिहून ठेवावी. सोळा टॅपेटला अंड्यांचा ट्रे उत्तम. कुठला टॅपेट कुठल्या लोबवर चालत होता हे एकदा विसरले की ते पुन्हा वापरायचा मार्ग बंद होतो. काही टॅपेट वर येतच नाहीत, कारण झिजून तळव्याला बाहेर ओठ आलेला असतो. ते पकडीने ओढले तर भोक ओरबाडते. कॅम काढून ते खालून पाडावेत.

हातात आलेला टॅपेट आधी वरून पाहावा. पुशरॉड ज्या वाटीत बसतो ती वाटी तारेच्या कड्याने अडवलेली असेल आणि बोटाने किंवा पुशरॉडने दाबल्यावर थोडी खाली जात असेल, तर टॅपेट हायड्रॉलिक. इथे दोनदा फसगत होऊ शकते. तेलाने गच्च भरलेला किंवा आत चिकटा जमलेला हायड्रॉलिक टॅपेट दगडासारखा कठीण लागतो. तेल सोडून पाहिल्याखेरीज त्याला भरीव म्हणू नये. उलट, काही भरीव टॅपेटमध्येही तेलाचे नियमन करणारी वेगळी वाटी असते आणि तिला तसेच कडे असते. नुसते कडे पाहून निर्णय देणे घाईचे.

मग तळवा. दोन सपाट टॅपेटचे तळवे एकमेकांवर टेकवून हलवावेत. दोन फुगीर पृष्ठे एकावर एक डुलतात. डुलत नसतील तर फुगवटा झिजून गेला. पोलादी पट्टीची कड तळव्यावर ठेवून उजेडाकडे धरली की हेच दिसते: नव्या टॅपेटच्या दोन्ही कडांशी उजेडाची रेघ दिसते, मेलेल्याच्या मध्यभागी. झिजेचा ठसाही वाचण्यासारखा असतो. एकात एक वर्तुळे असतील तर टॅपेट आयुष्यभर फिरत राहिला. सरळ पट्टा असेल तर तो थांबलेला होता, आणि त्याखालचा लोब बघायची तयारी ठेवावी.

कॅमशाफ्टवरचा आकडा हा नवशिक्याला सर्वांत जास्त फसवतो. लोबांच्या मधल्या दांड्यावर ओतीव अक्षरांत जो क्रमांक असतो, तो ओतकामाचा. त्याच ओतीव कच्च्या दांड्यावर कारखाना वेगवेगळ्या आकारांचे लोब घासून काढतो, म्हणजे एकाच ओतीव क्रमांकाचे कॅम स्वभावाने अगदी वेगळे असू शकतात. बाजारात मिळणाऱ्या कॅमवर घासणीचा खरा क्रमांक पुढच्या किंवा मागच्या टोकाच्या तोंडावर ठोकलेला असतो. तो पुसट असला तरी खडू घासून वाचता येतो. तो नसेल तर मोजण्यावाचून गत्यंतर नाही.

जात मात्र डोळ्यांनीही कळते. सपाट टॅपेटचा कॅम सहसा बिडाचा असतो. लोबांच्या मधला भाग खडबडीत, त्यावर साच्याची शिवण, आणि नवा असेल तर लोबांवर काळपट फॉस्फेटचा थर. रोलरचा कॅम सहसा पोलादी असतो. शर्यतीच्या कॅममध्ये तर मधला भागही लेथवर उतरवून गुळगुळीत केलेला असतो. सपाट टॅपेटच्या लोबचे नाक टोकदार, रोलरच्या लोबचे नाक रुंद आणि बोथट, कुशी भरलेल्या. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की पुन्हा चूक होत नाही. शंका उरलीच तर मायक्रोमीटरने लोबची उंची दोन्ही कडांना मोजावी. एक-दोन थाऊचा फरक आला तर सपाट. दोन्हीकडे सारखी भरली तर रोलर. मात्र झिजलेल्या सपाट कॅमचा उतारही गेलेला असतो, म्हणून चमक पाहावी. धडधाकट सपाट लोबवर घासल्याचा पट्टा एका बाजूला असतो. तो या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरला असेल, तर लोब संपत आला आहे.

कॅमचे पुढचे टोकही बोलते. स्मॉल ब्लॉकमध्ये सपाट लोबांचा उतार आणि डिस्ट्रिब्यूटरचे गिअर यांच्या जोरावर कॅम मागे दाबून राहतो, त्याला पुढे अडवणारे काही लागत नाही. रोलर कॅमला उतार नाही, म्हणून तो पुढे-मागे सरकू शकतो. १९८७ च्या रोलर कॅमला यासाठी पुढे पायरी काढलेली आहे आणि ब्लॉकवर बोल्टने बसवलेली एक पातळ पट्टी त्याला अडवते. जुन्या ब्लॉकमध्ये रोलर कॅम घालायचा तर टायमिंगच्या झाकणाआड एक गुंडी बसवावी लागते. मागच्या टोकाकडे डिस्ट्रिब्यूटर फिरवणारे दाते असतात. कोरीव पोलादी कॅमशी बिडाचे साधे गिअर जोडले तर ते खाल्ले जाते; तिथे काशाचे किंवा त्या कॅमसाठी सांगितलेले गिअर लागते.

१९५५-५६ च्या २६५ घनइंची ब्लॉकची एक खोड इथेच सांगायला हवी. त्यात टॅपेटकडे जाणारे तेल कॅमच्या मागच्या बेअरिंगवरून वाट काढते आणि त्यासाठी कॅमच्या तेवढ्या भागावर खाच असते. नंतरचा कॅम त्यात हुबेहूब बसतो, फिरतोही. पण खाच नसते, म्हणून टॅपेट आणि रॉकर कोरडे पडतात.

उरतो सर्वांत अवघड प्रश्न: सपाट कॅम भरीव टॅपेटसाठी घासलेला आहे की हायड्रॉलिकसाठी? दोन्ही दिसायला सारखे. फरक लोबच्या पायथ्याशी असतो. भरीव टॅपेटमध्ये फट असल्याने ती मिटताना ठोका बसतो. तो सौम्य व्हावा म्हणून लोबच्या सुरुवातीला अगदी हळू चढणारा घाट ठेवलेला असतो. हायड्रॉलिकच्या लोबला हा लांब घाट लागत नाही. डायल गेज टॅपेटवर टेकवून आणि अंशांची तबकडी क्रँकवर बसवून प्रत्येक दोन अंशांना वाचन घेतले की तो घाट कागदावर उमटतो.

शेव्हरलेटचे दोन गाजलेले भरीव कॅम पाहिले की या घाटाचे महत्त्व पटते. झोरा आर्कस-डंटोव्ह या इंजिनिअरच्या नावाने ओळखला जाणारा कॅम १९५७ च्या इंधन-इंजेक्शनच्या कॉर्व्हेटमध्ये होता. त्याची फट इन्टेकला १२ थाऊ आणि एक्झॉस्टला १८ थाऊ. १९६४ चा पुढचा कॅम ‘थर्टी-थर्टी’ म्हणून ओळखला जातो, कारण त्याची फट दोन्हीकडे ३० थाऊ. रॉकर लोबची हालचाल दीडपट करतो, म्हणून व्हॉल्व्हपाशी ३० थाऊ म्हणजे लोबपाशी २०. थर्टी-थर्टीचा घाट तेवढा उंच आहे. तो न ओळखता त्याला डंटोव्हची १२ थाऊची फट दिली, तर व्हॉल्व्ह घाटावरच उघडू लागतो, मिटतो उशिरा, आणि इंजिन मंद गतीत धडपडते. उलट, डंटोव्ह कॅमला ३० दिले तर घाट संपल्यावर फट मिटते आणि प्रत्येक फेऱ्याला हातोडा बसतो. दोन्ही कॅम एकाच कारखान्याचे, दोन्ही त्याच ब्लॉकमध्ये बसणारे. ‘भरीव आहे’ एवढे कळून भागत नाही.

हायड्रॉलिक टॅपेट भरीव कॅमवर घातले तर ते फट ठेवत नाहीत, सगळा घाट व्हॉल्व्हपर्यंत पोचवतात. परिणाम तोच, धडपडणारे इंजिन. हायड्रॉलिक कॅमवर भरीव टॅपेट अगदी कमी फटीने चालवणारे शर्यतवाले होऊन गेले, पण तो त्यांच्या कसबाचा भाग. सपाट आणि रोलर यांची अदलाबदल मात्र कुठल्याच दिशेने चालत नाही. रोलरच्या भरलेल्या लोबवर सपाट तळव्याची कड खरवडली जाते, आणि सपाट लोबच्या उतारावर चाक एकाच कडेने चालते.

ओळख पटल्यावर काय ठेवायचे याचा नियम कडक आहे. सपाट टॅपेट आणि कॅम एकमेकांशी झिजून जुळतात. जुना कॅम ठेवला तर प्रत्येक टॅपेट आपल्याच लोबवर परत जातो, आणि नव्या कॅमवर टॅपेटही नवेच लागतात. रोलर टॅपेट चाक आणि बेअरिंग निर्दोष असतील तर नव्या कॅमवर चालतात.

नव्या सपाट कॅमचे आयुष्य पहिल्या वीस-तीस मिनिटांत ठरते. लोबांना आणि तळव्यांना घट्ट वंगण लावून इंजिन सुरू होताच ते मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांवर ठेवतात. मंद गतीत सोडत नाहीत, कारण टॅपेटवर तेल उडते ते मुख्यतः क्रँकच्या फिरण्यातून, आणि फेरे कमी तर तेल कमी. व्हॉल्व्हला दुहेरी स्प्रिंगा असतील तर आतल्या तेवढ्यापुरत्या काढून ठेवतात. तेलाचा प्रश्न अलीकडचा. लोब आणि तळवा यांच्यात शेवटचे संरक्षण देणारे जस्त-फॉस्फरसयुक्त द्रव्य उत्प्रेरक कन्व्हर्टरला बाधते, म्हणून पेट्रोल गाड्यांच्या तेलांत ते कमी होत गेले. २००४ च्या एसएम दर्जात पातळ ग्रेडसाठी फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के झाली. रोलर इंजिनाला त्याने फरक पडत नाही. जुन्या सपाट टॅपेटच्या इंजिनाला जस्त जास्त असलेले तेल मुद्दाम शोधून घालावे लागते. त्या पहिल्या अर्ध्या तासानंतर इंजिनातले तेल काढून टाकतात, फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडतात आणि चुंबक फिरवतात. चुंबकाला लोखंडी चकाकी भरपूर लागली, तर कुठलातरी टॅपेट फिरलेला नाही, आणि मॅनिफोल्ड पुन्हा उघडावे लागते.